रासायनिक गळतीचे अन्वेषण

कारखान्यातील टाकी, नळ, झडप, पंप, विक्रियापात्र यांसारख्या सामग्रीत बिघाड होऊन घातक रसायन बाहेर पडल्यास ते किती पडले, कोठे गेले, कशामुळे पडले आणि पुन्हा पडू नये म्हणून काय केले पाहिजे, हे पुराव्याच्या आधारे ठरविण्याच्या कार्यास रासायनिक गळतीचे अन्वेषण असे म्हणतात. गळती थांबविणे, जखमींना हलविणे व आग विझविणे ही संकटनिवारणाची कामे असून अन्वेषणाचे काम त्यांच्या जोडीनेच सुरू व्हावे लागते. कारण पुराव्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच नाहीसा होतो. वायू वाऱ्याबरोबर विरतो, द्रव पाण्यात मिसळतो आणि मोडलेला भाग दुरुस्तीच्या घाईत भंगारात जातो. अन्वेषणाचे हेतू दोन असतात : जबाबदारी निश्चित करणे आणि प्रतिबंधाचा उपाय शोधणे. हे हेतू परस्परपूरक असले, तरी नेहमीच एकत्र नांदतात असे नाही. शिक्षेच्या भीतीने साक्षीदार गप्प राहिले, तर दुसरा हेतू विफल होतो.

सावित्री खोऱ्यातील परिस्थिती : रायगड जिल्ह्यातील महाड औद्योगिक क्षेत्र व त्याच्या खालच्या अंगाची गावे या विषयाचे एक चांगले उदाहरण आहे. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर व महाडवरून वाहत बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. महाडच्या खालच्या अंगाला असलेले दासगाव हे या नदीवरील जुने बंदर होय. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी जलमार्गाने येऊन येथेच उतरले होते. येथपर्यंत समुद्राची भरती पोहोचते, हेच या बंदराचे कारण आणि हीच अन्वेषकाची अडचण. बिरवाडी परिसरातील औद्योगिक क्षेत्रात रसायने, रंगद्रव्ये व औषधी द्रव्ये यांचे अनेक कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्यासाठी सामुदायिक शुद्धीकरण केंद्र असून प्रक्रिया केलेले पाणी नळाने खाडीभागात सोडले जाते. म्हणून वरच्या अंगाला काही सांडले, तर त्याची पहिली खबर पुष्कळदा कारखान्यातून येत नाही. ती जाळे घेऊन गेलेल्या भोई-कोळ्यांकडून किंवा गुरे पाण्यावर नेणाऱ्यांकडून येते. मासे मरून तरंगू लागल्याच्या तक्रारी या नदीवर वेळोवेळी झाल्या आहेत. अशा वेळी ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाचे पुराव्यानिशी उत्तर मिळाले नाही, तर नुकसान ज्याचे झाले त्याच्याच माथी ते राहते.

या भागात वर्षाला ३,००० मिमी. पेक्षा अधिक पाऊस पडतो. हवा दमट असून खाऱ्या वाऱ्यांचा संपर्क असल्यामुळे पोलादाचे संक्षारण (रासायनिक क्रियेने झीज होणे) जलद होते. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराखाली गेले. पुराच्या पाण्याने रिकामी किंवा अर्धी भरलेली टाकी उचलली जाऊन तिचे नळ तुटू शकतात. म्हणून येथील अन्वेषणात ‘सामग्रीचा बिघाड’ आणि ‘नैसर्गिक आपत्ती’ यांची सांगड तपासावी लागते. पूर आला हे एकच कारण पुरेसे मानता येत नाही; टाकी पायाशी जखडलेली होती का, हेही पाहावे लागते.

सामग्रीचे बिघाड : गळतीस कारणीभूत होणारे बिघाड स्थूलमानाने पुढीलप्रमाणे असतात. (१) सांध्यांचे बिघाड : दोन नळ जोडणाऱ्या कड्यांमधील गॅस्केट कुजणे किंवा चुकीच्या पदार्थाचे बसविणे, बोल्ट सैल होणे, पंपाच्या दांड्याभोवतीची गळरोधक योजना झिजणे. (२) भिंतीचे बिघाड : संक्षारणाने पत्रा पातळ होणे, वितळजोडास तडा जाणे, वारंवार बदलणाऱ्या ताणामुळे धातूस शिणवटा येणे. उष्णतारोधक वेष्टनाखाली पावसाचे पाणी मुरून होणारे संक्षारण बाहेरून दिसत नसल्यामुळे विशेष धोक्याचे असते. (३) अस्तराचे बिघाड : औषधी व रंगद्रव्यांच्या कारखान्यांत काचेचे अस्तर लावलेली विक्रियापात्रे वापरतात. अस्तरास सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तरी अम्ल आतील पोलादापर्यंत पोहोचून ते पोखरते. (४) मापनाचे व नियंत्रणाचे बिघाड : पातळीदर्शक अडकल्याने टाकी भरून वाहणे, तापमापक चुकीच्या जागी असणे, शीतन बंद पडल्याने उष्णतादायी विक्रिया आवरेनाशी होणे. (५) संरक्षक योजनांचे बिघाड : सुरक्षा झडप चिकटून बसणे, धुरांड्याआधीचा वायुक्षालक बंद असणे, भोवतालच्या बांधाच्या निचऱ्याचे दार उघडे राहणे.

यांपैकी शेवटचा प्रकार निर्णायक ठरतो. टाकीभोवती बांध घालतात तो टाकीतील सर्व द्रव सामावून घेण्यासाठी. परंतु पावसाळ्यात बांधात साचलेले पाणी काढण्यासाठी निचऱ्याचे दार उघडून ते तसेच ठेवले, तर टाकी फुटली त्या क्षणी बांध असून नसल्यासारखाच होतो. कारखान्याच्या आवारातील गळती नदीपर्यंत पोहोचते ती बहुधा अशा वाटेने.

स्थळाची पाहणी व पुराव्याचे जतन : सुरक्षिततेची खात्री झाल्यावर अन्वेषक प्रथम स्थळ आहे त्या स्थितीत राखून ठेवतो. प्रत्येक झडप उघडी होती की बंद, किती वेटोळे उघडी होती, दर्शकांचे काटे कोठे थांबले होते, याची छायाचित्रे व नोंदी केल्या जातात. संकटाच्या वेळी कोणी झडप फिरविली असल्यास ते त्याच्याकडून त्याच दिवशी विचारून घ्यावे लागते. तापमान, दाब व प्रवाह यांच्या स्वयंचलित नोंदी, पाळीची वही, दुरुस्तीचे परवाने, कच्च्या मालाच्या आवकजावकीची नोंद ही कागदपत्रे ताब्यात घेतात. निरनिराळ्या घड्याळांतील काही मिनिटांचा फरक आधी जुळवून घेतला नाही, तर घटनांचा क्रमच उलटा लागण्याचा संभव असतो.

साक्षी शक्य तितक्या लवकर व एकेकट्याने घेतात. पाळीवरील कामगार कंत्राटी असेल, तर तो काही दिवसांत गावी निघून जातो आणि त्याच्याबरोबर एक महत्त्वाचा दुवाही जातो. कारखान्याबाहेरच्या लोकांची साक्षही तितकीच मोलाची असते. वास प्रथम केव्हा आला, पाण्याचा रंग कोणत्या बाजूने पालटत आला, त्या वेळी भरती होती की ओहोटी, या गोष्टी नदीकाठचा माणूस अचूक सांगू शकतो.

गळतीचे परिमाण : किती द्रव्य बाहेर पडले याचे उत्तर वस्तुमानाच्या हिशेबातून काढतात. उदा., ३ मी. व्यासाच्या उभ्या टाकीतील तीव्र सल्फ्यूरिक अम्लाची पातळी ४० सेंमी. ने उतरली असेल, तर सुमारे २·८३ घ. मी. द्रव बाहेर गेला. या अम्लाची घनता पाण्याच्या १·८४ पट असल्याने त्याचे वजन सुमारे ५·२ टन भरते. आता टाकीच्या तळाशी १० मिमी. व्यासाचे भोक सापडले आणि वरील द्रवाची उंची प्रारंभी ३ मी. होती असे मानले, तर द्रवगतिकीच्या नियमाप्रमाणे त्यातून मिनिटाला सुमारे २२ लिटर द्रव वाहील. म्हणजे एवढी गळती होण्यास सुमारे सव्वादोन तास लागले. ‘गळती दहा मिनिटांत बंद केली’ असे पाळीच्या वहीत लिहिले असेल, तर ही नोंद किंवा भोकाविषयीचा तर्क यांपैकी एक चुकीचे आहे हे उघड होते.

हीच पडताळणी दुसऱ्या बाजूनेही करता येते. एवढे अम्ल आवारातच निष्प्रभ केले असा दावा असेल, तर त्यास सुमारे ३·९ टन शमविलेला चुना लागला असला पाहिजे. तितका चुना भांडारातून निघाल्याची नोंद नसेल व जिप्समाचा गाळही दिसत नसेल, तर ते अम्ल अन्यत्र गेले असे मानावे लागते.

नदी व खाडीतील नमुने : वाहत्या नदीत गळतीच्या जागेच्या वर, तेथे आणि खाली असे नमुने घेतले की स्रोताचा माग लागतो. भरतीच्या पाण्यात हा सोपा नियम चालत नाही. सु. साडेबारा तासांच्या अंतराने भरती येत असल्यामुळे दूषित पाण्याचा पट्टा खाली जाऊन पुन्हा वर चढतो आणि दासगावसारख्या ठिकाणी तो एकाच दिवसात अनेकदा पुढेमागे होतो. म्हणून एकाच ठिकाणचे नमुने ओहोटी व भरती अशा दोन्ही वेळी घेऊन त्यांबरोबर क्षारता व विद्युत् संवाहकता मोजावी लागते. त्यावरून समुद्राचे पाणी किती आणि वरून आलेले किती, याचा अंदाज येतो. पावसाळ्यात पुराचा लोंढा हे सारे काही तासांत धुऊन नेतो. अशा वेळी काठावरचा गाळ व पाणवनस्पती यांवरील अवशेष हाच पुरावा उरतो.

विरघळलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण जागेवरच मोजतात किंवा विंक्लर पद्धतीने बाटलीत तेथल्या तेथे स्थिर करतात. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ते बदलते. कार्बनी द्रव्यांसाठी काचेच्या बाटल्या व बर्फ, तर धातूंसाठी नायट्रिक अम्लाने अम्लीकृत केलेले नमुने वापरतात. मेलेल्या माशांचे निरीक्षणही उपयुक्त असते. ऑक्सिजन कमी पडल्यास मासे पहाटेच्या सुमारास पृष्ठभागी येऊन धापा टाकतात आणि बहुधा मोठे मासे आधी मरतात. विषारी द्रव्याचा लोंढा आल्यास दिवसाच्या कोणत्याही वेळी व लहान-मोठे सर्वच मासे मरतात. अम्लाने कल्ल्यांना इजा झालेली दिसते. मात्र सडू लागलेला मासा काहीच सांगत नाही. त्यामुळे खबर मिळाल्यापासून नमुना घेईपर्यंतचा अवधी हाच पुष्कळदा निकाल ठरवितो.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ यात कारखान्याच्या निकासातून नमुना घेण्याची रीत ठरवून दिलेली आहे. भोगवटादारास तशी सूचना देणे, त्याने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करणे, ते मोहरबंद करून त्यांवर उभयतांच्या सह्या घेणे आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविणे आवश्यक असते. ही रीत पाळली नाही, तर विश्लेषण शास्त्रदृष्ट्या बिनचूक असूनही न्यायालयात ग्राह्य ठरत नाही.

धातूचा पुरावा : तुटलेल्या भागाचा भंगपृष्ठभाग अन्वेषकास पुष्कळ काही सांगतो. शिणवट्याने झालेल्या भंगावर किनाऱ्यावरील लाटांच्या खुणांसारख्या रेषा दिसतात. ताण व संक्षारण यांच्या संयुक्त परिणामाने पडलेले तडे झाडाच्या फांद्यांप्रमाणे फाटे फुटलेले असतात. अगंज पोलादात क्लोराइडांमुळे असे तडे पडतात. अचानक वाढलेल्या दाबाने फाटलेला पत्रा फुगून पातळ झालेला असतो. म्हणून असे तुकडे धुऊ, घासू किंवा एकमेकांस जुळवून पाहू नयेत. कोरडे ठेवून प्रयोगशाळेत न्यावेत. शेजारच्या न फुटलेल्या भागाची जाडी श्राव्यातीत ध्वनीच्या उपकरणाने मोजल्यास झीज तेवढ्याच जागी होती की सर्वत्र, हे समजते.

कारणांची साखळी : ‘गॅस्केट फुटले’ हे उत्तर खरे असले, तरी अपुरे असते. गॅस्केट चुकीच्या पदार्थाचे होते. ते तसे होते, कारण भांडारात दोन्ही जातींची गॅस्केटे एकत्र ठेवलेली होती. आणि तसे घडले, कारण बदलाला मंजुरी देण्याची पद्धतच नव्हती, असा मागे मागे जाणारा शोध घ्यावा लागतो. १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांच्या सुरक्षिततेसाठी विकसित झालेली दोषवृक्ष पद्धती या कामी वापरतात. तीत अंतिम घटना वर मांडून तिच्या आधीच्या कारणांच्या शाखा खाली काढतात आणि प्रत्येक शाखा पुराव्याने टिकते की गळते हे पाहतात. ‘कामगाराची चूक’ येथे अन्वेषण थांबविणे हा सर्वांत सोपा व सर्वांत निरुपयोगी निष्कर्ष होय, असा या शास्त्रातील अनुभव आहे.

काही महत्त्वाची अन्वेषणे : इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी सायक्लोहेक्झेनाची गळती होऊन झालेल्या स्फोटात २८ माणसे मृत्युमुखी पडली. एका ओळीतील सहा विक्रियापात्रांपैकी पाचव्यास तडा गेल्याने ते काढून त्या जागी दोन्ही बाजूंना भाते असलेला वळसानळ बसविण्यात आला होता. त्याचा आराखडा कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेला होता आणि तो तपासू शकेल अशा यंत्र अभियंत्याचे पद तेव्हा रिकामे होते. मूळ तडा कशाने गेला याचा शोध घेता, दुसरी एक किरकोळ गळती सौम्य करण्यासाठी पात्रावर सोडलेल्या पाण्यातील नायट्रेटे त्यास कारणीभूत असल्याचे आढळले. एका तात्पुरत्या उपायातून दुसरा तात्पुरता उपाय आणि त्यातून अनर्थ, ही साखळी चौकशी समितीच्या १९७५ च्या अहवालाने उघड केली.

भोपाळ येथे २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडून हजारो माणसे मरण पावली. टाकीत पाणी शिरून उष्णतादायी विक्रिया सुरू झाली, हे टाकीच्या तळाशी उरलेल्या अवशेषांचे विश्लेषण करून व तशा विक्रिया प्रयोगशाळेत घडवून ठरविण्यात आले. शीतन यंत्रणा बंद होती आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा नळ सुटा केलेला होता. पाणी कोणत्या वाटेने शिरले याविषयी मात्र कंपनीची व इतर अन्वेषकांची मते भिन्न राहिली.

दिल्लीत ४ डिसेंबर १९८५ रोजी श्रीराम कंपनीच्या कारखान्यात ओलियमाच्या टाकीखालचा सांगाडा कोसळून ती फुटली. या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये धोकादायक उद्योगांच्या निरपवाद दायित्वाचे तत्त्व मांडले. विशाखापटनम येथे ७ मे २०२० रोजी एल. जी. पॉलिमर्स कारखान्यातील टाकीतून स्टायरिनाची वाफ बाहेर पडून १२ माणसे दगावली. टाकीच्या वरच्या थरांतील तापमान मोजले जात नव्हते, बहुवारिकीकरण रोखणारे द्रव्य अपुरे होते आणि धोक्याचा भोंगा वाजविला गेला नाही, असे राज्य शासनाच्या उच्चाधिकार समितीने नमूद केले.

महाराष्ट्रात नागोठणे येथील वायुभंजन संकुलात ५ नोव्हेंबर १९९० रोजी हायड्रोकार्बन वायूंच्या गळतीनंतर मोठा स्फोट झाला. मुंबईतील शिवडीच्या हाजी बंदरात १४ जुलै २०१० रोजी वर्षानुवर्षे बेवारस पडून राहिलेल्या क्लोरिनाच्या सिलिंडरांपैकी एकातून गळती होऊन अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक क्षेत्रातील ब्लू जेट हेल्थकेअर या औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट व आग होऊन अनेक कामगार मरण पावले. त्यांचे मृतदेह शोधण्याचे काम राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलास करावे लागले.

कायदा व यंत्रणा : अपघात व धोकादायक घटना कळविण्याचे बंधन प्रथम कारखाने अधिनियम, १९४८ यात होते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्यात घातक प्रक्रियांविषयीचे प्रकरण घालण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. महाराष्ट्रात कारखान्याच्या आतील तपास औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि पाणी व हवा यांच्या दूषणाचा तपास १९७० मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ याखालील १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार मोठा अपघात ४८ तासांच्या आत कळवावा लागतो. आसपासच्या रहिवाशांना धोक्याचे स्वरूप व घ्यावयाची काळजी यांची माहिती आधीच देणे आणि कारखान्याबाहेरील आपत्कालीन योजनेची वर्षातून निदान एकदा रंगीत तालीम करणे हेही या नियमांत आहे. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गटांची तरतूद केली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे (स्थापना २०१०) नुकसानभरपाईचा अर्ज साधारणतः पाच वर्षांच्या आत करता येतो आणि तेथे कारखान्याचा दोष सिद्ध करण्याची आवश्यकता नसते. परंतु हानी त्याच कारखान्यातून झाली हे दाखवावेच लागते.

मर्यादा : अमेरिकेत रासायनिक अपघातांच्या अन्वेषणासाठी १९९० च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ निर्माण करण्यात आले व ते १९९८ पासून काम करू लागले. त्यास दंड करण्याचा अधिकार नाही. कारण शोधणे, ते प्रसिद्ध करणे व शिफारशी करणे एवढेच त्याचे कार्य आहे. भारतात परवाना देणारी, तपासणी करणारी व अपघातानंतर कारण शोधणारी यंत्रणा पुष्कळदा एकच असते आणि मोठ्या दुर्घटनांसाठी प्रसंगोपात्त समित्या नेमल्या जातात. त्यांचे अहवाल सर्वांच्या हाती पडतातच असे नाही. त्यामुळे एका कारखान्याने मोठी किंमत देऊन घेतलेला धडा शेजारच्या कारखान्यास मिळत नाही. अनेक कारखान्यांचे सांडपाणी एकाच नाल्यात किंवा नळात मिसळते तेथे स्रोत वेगळा करणे आणखी कठीण होते. यावर उपाय म्हणजे गळतीपूर्वीच नियमित नमुने घेऊन नदीची नेहमीची स्थिती नोंदवून ठेवणे आणि प्रत्येक कारखान्यात कोणती रसायने किती प्रमाणात आहेत यांची यादी उपलब्ध असणे. खाडीकाठच्या गावांतील काही लोकांना नमुना घेण्याचे शिक्षण व स्वच्छ बाटल्या दिल्या, तर पहिल्या दोन तासांतील पुरावा वाचू शकतो. कायदेशीर नमुन्याची जागा अशी बाटली घेऊ शकत नाही. मात्र कोठे व कशाचा शोध घ्यावयाचा, हे ती अन्वेषकास वेळेवर सांगू शकते.